खळ्यातला उलटा फेरा

मार्गशीर्ष लागला. सकाळी अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसलो, तर समोरच्या शेतात मळणीयंत्र धडधडायला लागलं. एका बाजूने कणसं आत, दुसऱ्या बाजूने दाणे बाहेर. दोन तासांत सगळं आटोपून ते यंत्र ट्रॅक्टरमागे डुलत पुढच्या शेतात गेलंसुद्धा. माझं यंत्राशी काही वाकडं नाही. ऊठसूट 'आमच्या वेळी, आमच्या वेळी' करणाऱ्या म्हाताऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, मी स्वतः ऐंशीचा झालो तरी. पण धुरळा खाली बसला, ज्वारीच्या भुश्शाचा तो कोरडा, नाकात खाज आणणारा वास अंगणात आला आणि माझ्या मांड्या हुळहुळल्या. अहो, खरंच हुळहुळल्या! डोक्याने विसरलेलं अंग कुठे जपून ठेवतं, देव जाणे.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. आमचं तापीकाठचं गाव धुळ्याच्या हिशेबात होतं आणि धुळं आमच्या हिशेबात विलायतेइतकं लांब. दसरा सरला की बापू, म्हणजे माझे वडील, खळं करायला घेत. जमीन उकरायची, पाण्याने भिजवायची, बैलांच्या पायाखाली तुडवून घ्यायची, मग शेणाने सारवायची. आठ दिवसांत ती जागा अशी टणक आणि गुळगुळीत व्हायची की वर मोहरी सांडली तर एकेक दाणा वेचून घ्यावा. मधोमध एक लाकडी खांब रोवायचा, ती मेढ. मेढीला बैल जुंपून कणसांवरून गोल गोल फिरवायचे, की झाली मळणी. सबंध गावात सपाट म्हणावी अशी तेवढीच एक जागा. शेतात कापूस उभा, काळ्या मातीला भेगा पडलेल्या. शाळेच्या आवारात दगडगोटे. नदीच्या वाळूत चेंडू टाकला तर तो तिथेच बसून राहायचा, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.

आणि आम्हाला तर फुटबॉल खेळायचा होता.

हे वेड गावात आणलं शमुवेल मास्तरांनी. नवापूरकडच्या डोंगरातला हा विशीबाविशीचा माणूस, घरची बोली तिथल्या आदिवासींची कोकणी, घरातला देव येशू. आमच्या शाळेत कवायत शिकवायला आला तेव्हा गावाने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'शामूल मास्तर' करून टाकलं. ठेंगणे, काळेसावळे, बोलायला मऊ. पुस्तकातलं मराठी एकेक शब्द निवडून बोलायचे. पहिल्या दिवशी वाटलं, हा काय आम्हाला कवायत शिकवणार! दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीवरचा भरलेला हंडा दोन हातांत धरला, तसेच खाली बसले, तसेच उठले. वीस वेळा. हंड्यातलं पाणी हललं नाही. आमची दातखीळच बसली.

मास्तरांनी बापूंकडे सकाळची जागा मागितली. कणसं उन्हात तापल्यावरच मळता येतात, त्यामुळे पहाट फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत खळं रिकामंच असायचं. बापू तीन वर्षांपासून कुणाशीच फार बोलत नव्हते. माझा थोरला भाऊ तीन दिवसांच्या तापात गेला, सतरा वर्षांचा, लग्न ठरत आलेलं. तेव्हापासून बापू माझ्याकडे नीट बघतसुद्धा नसत. बघितलं तर त्यांना तो दिसायचा, असं माय म्हणायची. मास्तरांना मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही.

"खेळा," म्हणाले. "पन पायमा जोडा नको. खळामा थुकानं नही. आनि मेढ जेवना हातलेच ऱ्हायनी पायजे."

जेवणा हात म्हणजे उजवा. देवाला प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो, तशी मेढ ठेवायची. आमच्याकडे बैलही तसेच फिरत. खळं ही काही नुसती जागा नव्हती, तिथे लक्ष्मी यायची. आम्ही माना डोलावल्या. पंधरा वर्षांच्या पोरांना चेंडू मिळत असेल तर ती डोक्यावर उभं राहायलाही तयार होतात.

सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. त्या वर्षी तिथल्या मैदानाच्या एका कोपऱ्यात दोऱ्या बांधून पाच-पाच जणांचा फुटबॉल ठेवला होता, आसपासच्या शाळांसाठी. अकरा जण मावायला घोड्यांनी जागाच ठेवली नव्हती. त्या पाचांत मला यायचं होतं. यात्रेला बापू दरवर्षी जायचे, घोडी घेणं नसलं तरी बघायला. मी खेळताना त्यांनी मला बघावं, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, माझा जिवलग मित्र दगा, त्यालाही नाही. सांगितलं असतं तर त्याने चार दिवस चिडवलं असतं.

मास्तरांनी चेंडू दाखवला आणि बाजूला ठेवला. "आधी अंग," म्हणाले. "छोट्या जागेत खेळायचं म्हणजे दर चार पावलांना थांबायचं, वळायचं, पुन्हा सुटायचं. त्याला नुसता दम पुरत नाही, ताकद लागते. आणि ती सगळ्या अंगाला लागते."

मग त्यांनी खळ्याच्या कडेने सहा जागा मांडल्या. पहिल्या जागी खांद्यावर जुनं जू घेऊन उठबशा. दुसऱ्या जागी दोन्ही हातांत भरलेल्या घागरी, हात ताठ ठेवून चालायचं. तिसऱ्या जागी सरकीचं पोतं जमिनीवरून उचलून खांद्यावर, पुन्हा जमिनीवर. चौथ्या जागी पाय जोडून बांधावरून अलीकडे पलीकडे उड्या. पाचव्या जागी निंबाच्या फांदीला बांधलेला मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, धरून नुसत्या हातांनी वर चढायचं. सहाव्या जागी जोर. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पळत जायचं, बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही. सहा जागा झाल्या की एक फेरा. गावाजवळून रेल्वे जात नसली तरी आम्हाला रेल्वेचं भारी कौतुक, म्हणून त्या जागांना आम्ही ठेसनं म्हणायला लागलो. जू म्हणजे दोंडाईचा, घागरी म्हणजे रनाळे, पोतं म्हणजे नंदुरबार, पुढे खांडबारा, चिंचपाडा आणि शेवटी नवापूर. दगा नाड्याला लोंबकळून मागच्याला ओरडायचा, "थांब रे, चिंचपाडाले गाडी खोळंबनी शे!"

पहिल्या दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला किती जमतं ते विचारलं नाही, करायला लावलं. जेवढं जमेल तेवढं करा, अगदी मरेस्तोवर. मी बारा जोर काढले आणि तोंडावर पडलो. दगाने वीस काढले, कारण तो आमच्या गावचा पैलवान होण्याच्या बेतात होता. मास्तरांनी खडूने पाटीवर आकडे मांडले आणि म्हणाले, "आता उद्यापासून प्रत्येकाने याच्या निम्मं करायचं."

"निम्मं?" दगाला हा अपमान वाटला. "हाऊ काय व्यायाम शे का? मन्ही माय याना पेक्षा जास्त जोर दळताना काढस."

"निम्मं," मास्तर म्हणाले. "पण तीन फेरे. न थांबता."

हात्तिच्या, सहा जोर! मी मनात हसलो. पहिला फेरा हसतच काढला. दुसऱ्या फेऱ्यात रनाळ्यापर्यंत हसू टिकलं. तिसऱ्या फेऱ्यात नंदुरबारचं पोतं काही खांद्यावर येईना. त्यात गेल्या फेऱ्यात होती तेवढीच सरकी आहे, यावर माझा विश्वास बसेना. मी पोत्याला शिवी दिली. मास्तर शेजारी उभे राहून त्यांच्या बोलीत आकडे मोजत होते, तीसपर्यंत, एका लयीत. दगा त्या दिवशी बांधावर उताणा पडला तो ऊन तोंडावर येईपर्यंत उठला नाही.

दर बाजाराच्या दिवशी पोत्यात चार ओंजळी सरकी वाढायची. आम्हाला कळायचंही नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी नाडा धरला आणि वर गेलो. नुसता वर गेलो! फांदीला हात लागला, तिथून तापीचं पात्र दिसलं, त्यावरचं धुकं दिसलं, केळीच्या बागा दिसल्या, आणि मला माझ्याच हातांची भीती वाटली. हे कुणाचे हात? महिन्यापूर्वी हे हात घागर उचलताना थरथरत होते. खाली आलो तर मास्तरांनी माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली, मोजलं आणि माझीच बोटं तिथे टेकवली. आत कुणीतरी शांतपणे पावलं टाकत चाललं होतं. "पहिल्या दिवशी हे उधळलं होतं," ते म्हणाले. "आता चालतंय." आयुष्यात मी पुष्कळ देवळं पाहिली, मोठमोठी माणसं पाहिली. पण आपल्याच कातडीखाली इतकं काही दडलेलं असतं आणि ते निम्म्या-निम्म्याने बाहेर काढता येतं, हे कळलं तेव्हा जसा अंगावर शहारा आला, तसा पुन्हा आला नाही. आजही सकाळी उठून खुर्चीचे हात धरून दहा वेळा उठबस करतो, तेव्हा पाच झाल्यावर थांबतो आणि दम घेऊन पुन्हा पाच करतो.

यात्रेला पंधरा दिवस राहिले तेव्हा मास्तरांनी त्यांच्या डोंगरातली पाच पोरं बोलावली. ती रेल्वेने आणि पुढे पायी आली. अंगाने काटक्या. आम्ही त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. आमच्या दंडांवर आता बेंडकुळ्या येत होत्या ना! खळ्यात मेढ होती, म्हणून सामना शाळेमागच्या पडीक तुकड्यात झाला, दगडगोटे वेचून. अर्ध्या तासात त्या काटक्यांनी आम्हाला सहा गोल चढवले. आमचा एकही नाही. आमच्यात ताकद होती, दम होता, पण दरवेळी ती पोरं कुठून तरी निसटून जायची आणि आम्ही आपले एकमेकांवर आदळायचो. सामना संपल्यावर माय सगळ्यांना कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढत होती. त्यांच्यातला सगळ्यात लहानखुरा, नाकातून पाणी गाळत, मास्तरांना म्हणाला, "सर, हे लोक चांगले आहेत. पण पाचही जण एकाच बाजूला वळतात."

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला.

ते तसेच उठून खळ्याकडे गेले, मी मागोमाग. बापूंनी पात धरली होती, म्हणजे मळणी चालू केली होती. हौशा आणि पाखऱ्या, आमची बैलजोडी, मेढीभोवती फिरत होती, मेढ उजव्या हाताला. गोल, गोल, गोल. मास्तर बघत राहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर आम्ही फेरे घातले होते ते बैलांच्या वाटेने. चेंडू खेळलो तोही मेढीला उजवी घालूनच. दर वळणाला डाव्या पायाने जमीन रेटायची आणि उजवीकडे वळायचं. डावा पाय लोखंडाचा झाला होता. डावीकडे वळायला उजवा पाय रोवायचा असतो, हे आमच्या पायांना ठाऊकच नव्हतं. मास्तरांनी मला तिथल्या तिथे सांगितलं, पळ आणि डावीकडे वळ. मी पळालो, वळायला गेलो आणि सरळ कडब्याच्या गंजीत घुसलो. पाचांत सगळ्यात कच्चा मीच निघालो. मी त्याच खळ्यात वाढलो होतो.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "मी बघायला हवं होतं. पण ज्याला डावीकडे वळता येणार नाही, त्याला यात्रेत उतरवता येणार नाही. मार बसेल." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती.

त्यांनी बापूंना विनंती केली. दहा दिवस सकाळी पोरांना उलटं फिरू द्या.

"नही मास्तर," बापू म्हणाले. "मन्हा खळामा उलटा फेरा नही."

"बापू, पोरांचं एक अंग कच्चं राहतंय."

"ऱ्हाऊ द्या. तो फेरा मी एकदाव फिरेल शे. आते नही."

मास्तरांना कळलं नसेल, मला कळलं. आमच्यात चितेभोवती उलटं फिरतात, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन. मुलाने बापासाठी फिरायचं असतं ते. थोरल्याचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते मडकं बापूंच्या खांद्यावर आलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांचा, तापीच्या काठी काकाचा हात धरून उभा होतो. दुसऱ्या फेऱ्याला बापूंचा पाय वळेना. दोघांनी त्यांना धरून फिरवलं. हे मी विसरलो होतो असं नाही. पण खळ्याचा आणि त्याचा संबंध मला लागला नव्हता. आता लागला, आणि मला यात्रेचा, त्या पाचांचा, स्वतःचा भयंकर राग आला. मी मास्तरांना म्हणालो, माझं नाव काढून टाका. ते म्हणाले, काढायला अजून दहा दिवस आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कणसं पसरत होतो. बैलांचे दोनच फेरे झाले असतील. बापू मध्येच थांबले. बैलांची मुसकी सैल केली, मेढीची दोरी सोडली आणि जोडी फिरवून उलट्या तोंडाने जुंपली. मी हातातली कणसं धरून तसाच उभा राहिलो.

"हं, चाल रे हौशा."

हौशा हलेना. आतल्या बाजूला कायम तोच असायचा, आज बाहेरच्या बाजूला आला होता. त्याने मान वळवून मेढ कुठे आहे ते पाहिलं, दोन पावलं टाकली आणि पाखऱ्यावर रेलला. पाखऱ्या मागे सरला. बापूंनी चाबूक उचलला नाही, नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज केला. बैल थरथरत उभे. अकरा वर्षांचा, नदीच्या उतारावरून उसाची भरलेली गाडी एकट्याच्या बळावर तोलून धरणारा बैल, आणि त्याला सपाट खळ्यात पाऊल टाकता येईना!

"याले इतलं बी येत नही," बापू म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. "आठ वरीस मी याले एकच बाजू दखाडी."

मग त्यांनी हौशाची वेसण हातात घेतली, त्याच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि मेढीला डावा खांदा दिला. त्यांनी उजवा पाय रोवला. डावा उचलला. तो टेकायला फार वेळ लागला. मग दुसरं पाऊल. त्यांच्या मागे हौशा, हौशाबरोबर पाखऱ्या, कणसांवरून चुर्र, चुर्र. एक फेरा. दुसऱ्या फेऱ्याला, जिथे नदीकाठी पाय अडला होता तिथे, ते थांबले. मी कणसं टाकून पुढे झालो, धरायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा नीट, डोळ्याला डोळा देऊन पाहिलं. डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायला एक हात मोकळा असूनही ते पुसत नव्हते. मान हलवून त्यांनी मला मागे सरायला सांगितलं आणि पाऊल टाकलं. त्यानंतर किती फेरे झाले मोजले नाहीत. ऊन उतरलं तेव्हा बैल रोजच्यासारखे चालत होते आणि बापू मेढीपाशी उभे राहून त्यांना नुसते हाकारत होते.

एवढा धीर मी नंतर कुठे पाहिला नाही. वाघ मारलेली माणसं पाहिली, तरीही.

सकाळी मास्तर पोरांना घेऊन बांधाच्या बाहेरच उभे होते, आत यायचं धैर्य होईना. बापूंनीच त्यांना आत घेतलं. मला उलट्या तोंडाने नवापूरपाशी उभं केलं.

"पाय शिकी लेतस, मास्तर," म्हणाले. "मनलेच येळ लागस."

दहा दिवस आम्ही उलटे फिरलो. नवापूरहून दोंडाईच्याकडे. पहिले चार दिवस माझा उजवा पाय रडकुंडीला आला. सहाव्या दिवशी दगा माझ्यावर धावून आला आणि मी विचार न करता डावीकडून निघून गेलो. तो गंजीत. मी हसून हसून खाली बसलो.

यात्रेत आम्ही तीन-दोनने जिंकलो. बक्षीस म्हणून गुळाची भेली मिळाली, ती दगाने तिथेच फोडली. तिसरा गोल होण्याआधी चेंडू माझ्याकडे होता, दोघे जण उजवीकडची वाट अडवून उभे होते, आणि मी डावीकडे वळलो. बापू घोड्यांच्या रांगेत उभे होते. सामना संपल्यावर आले, खाली वाकले आणि माझी उजवी पोटरी दाबून पाहिली, बाजारात घोड्याची पाहतात तशी. मग डावी पाहिली. दोन्ही सारख्या आहेत, अशी खात्री पटल्यावर उठले आणि हसले. मास्तर दोन वर्षांनी त्यांच्या डोंगरातल्या शाळेत बदलून गेले. जाताना त्यांना निरोप द्यायला बापू बैलगाडी जुंपून स्टेशनापर्यंत गेले होते.

त्या उलट्या फेऱ्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, अशाच मार्गशीर्षात, बापू गेले. तापीच्या काठी माझ्या खांद्यावर मडकं दिलं गेलं. शेजारी दोन माणसं उभी होती. अशा वेळी मुलाच्या पायांत बळ राहत नाही, म्हणून धरायला माणसं ठेवतात. मी त्यांना बाजूला सरायला सांगितलं. चितेला डावा खांदा दिला, उजवा पाय रोवला आणि चालायला लागलो. तीन फेरे झाले. डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसत नव्हतं, पण पाय एकदाही अडखळला नाही.